हे कशाला जोडलंय?

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे प्रमुख पाहुणे, आज ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते आमचे मास्तर, अर्धा नवरा आम्हाला देऊन उरलेल्या अर्ध्यावर संसार केलेल्या वहिनी, आणि कट्ट्याच्या सभासद मंडळींनो,

मला पाच मिनिटं दिली आहेत. सूत्रसंचालकांनी "गोड बोला" अशी चिठ्ठीही हातात दिली आहे. प्रयत्न करते. पण ज्या माणसाचा जबडा आपण स्वतः फोडला, त्याच्याबद्दल गोड कसं बोलायचं?

हसू नका. नव्या सभासदांना वाटतंय की ही बाई अलंकारिक बोलतेय. मास्तरांच्या डाव्या गालावर जो खड्डा दिसतो तो चोवीस नंबरच्या लोखंडी पान्याचा आहे. पाना माझा होता.

पाहुण्यांसाठी सांगते. आमचा कट्टा इंटरनेटवर आहे. नव्यानं प्रोग्रॅमिंग शिकणारे तिथं प्रश्न टाकतात, जाणती मंडळी उत्तरं देतात. दहा वर्षांपूर्वी रीत अशी होती की, एक तर "हे आधी विचारून झालंय, शोधा" म्हणून नवख्याला हाकलायचं, नाहीतर एका ओळीत उत्तर फेकायचं. जो आधी फेकेल त्याला वर केलेले अंगठे जास्त. मास्तर तेव्हा कट्ट्याचे कारभारी, आणि फेकण्यातही पहिले. वीज कार्यालयात नोकरी, जेवणाच्या सुट्टीत उत्तरं.

मी तेव्हा पत्र्याच्या कारखान्यात होते. माझी ताई प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबून कापायच्या यंत्रावर बसायची. ती आज आली आहे, तिसऱ्या रांगेत डावीकडून दुसरी. मालकांनी जुन्या प्रेसला तो चालू-बंद करणारा स्वस्तातला कंट्रोलर बसवला होता आणि मी चार महिने व्हिडिओ बघून त्याचा प्रोग्रॅम लिहीत होते. प्रेसपुढे एक किरण असतो. हात आडवा आला की प्रेस थांबतो. आमच्याकडे तेलाच्या धुरानंही थांबायचा, मिनिटाला दोनदा. मालक माझ्या नावानं ओरडायचे आणि मी ताईच्या नावानं.

मी कट्ट्यावर प्रश्न टाकला. एका इनपुटमुळे माझा प्रोग्रॅम सारखा थांबतो, तो न थांबता कसा चालेल? चार मिनिटांत मास्तरांचं उत्तर: "ती अट काढून टाका." एकेचाळीस जणांनी अंगठा वर केला. मी किरणाची अट काढली. प्रेस काय धावला म्हणता! मालकांनी माझी पाठ थोपटली.

चौथ्या दिवशी ताईचा उजवा हात आत असताना प्रेस खाली आला. आवाज नेहमीसारखाच होता, म्हणून मी मागे वळूनही पाहिलं नाही. मग ताईचा आवाज आला, अगदी हळू, "चाक उलटं फिरव." प्रेसचं ते जड चाक एका माणसाला फिरत नाही. मी लटकले, दातांनी ओढायचं बाकी ठेवलं, आणि ते इंचाइंचानं फिरत असताना ताई मला सांगत होती, अजून थोडं, अजून थोडं. हात निघाला. अंगठा आणि दोन बोटं साच्यातच राहिली. ती मी काढली, रुमालात बांधली आणि रिक्षात मांडीवर घेऊन बसले. डॉक्टरांनी रुमाल उघडून पुन्हा बांधला.

मास्तरांचा पत्ता शोधायला मला एक दिवस लागला. वीज कार्यालयाच्या खिडकीशी गेले आणि विचारलं, "'अट काढून टाका' लिहिणारे तुम्हीच ना?" ते चक्क खुशीत आले. म्हणाले, "हो, मीच. चाललं का?"

त्या "चाललं का"वर मी पहिला घाव घातला. दुसरा ते खाली पडल्यावर. तिसरा शिपायांनी धरला म्हणून चुकला, नाहीतर आज हा समारंभ झाला नसता आणि मीही इथं नसते.

पोलिसांना मास्तरांनी कागदावर लिहून दिलं की जिन्यावरून पडलो. जबडा तारांनी बांधलेला असताना ते ताईला भेटायला दवाखान्यात आले. मग त्यांनी कट्ट्यावर स्वतःच्या उत्तराखाली लिहिलं, "हे माझं उत्तर. यानं एका बाईचा हात गेला." लोक त्यांच्यावर तुटून पडले. शिव्या, धमक्या, आणि एके दिवशी खिडकीतून दगड. तो वहिनींच्या कपाळाला लागला, चार टाके पडले. तरीही मास्तरांनी ती ओळ काढली नाही. नियम केला, की नवख्याला उत्तर देण्याआधी विचारायचं, हे कशाला जोडलंय? नवख्यांसाठीची सगळी पानं त्यांनी या नियमावर नव्यानं लिहिली, आणि मला शेजारी बसवून लिहायला लावली. तुमच्यापैकी कितीजण त्या पानांवर शिकलात, हात वर करा. बघा मास्तर.

आता गोड संपलं.

मागच्या आठवड्यात मास्तरांनी मला कट्ट्याचा कारभार सोपवला. कारभाऱ्याला, सभासदांनी काढून टाकलेले प्रश्नही दिसतात. हे मला नऊ वर्षं ठाऊक नव्हतं. त्यात माझा एक प्रश्न आहे, मघाच्या प्रश्नाच्या तासभर आधीचा. त्यात मी सगळं लिहिलं होतं, प्रेस, किरण, धूर. एका अनोळखी माणसानं खाली विचारलं होतं, "त्या प्रेसखाली कुणाचा हात जातो?" मी उत्तर दिलं नाही. प्रश्न काढून टाकला आणि प्रेसचं नावही न घेता पुन्हा टाकला. मला माहीत होतं, मंडळी. खरं सांगितलं तर कुणी अट काढू देणार नाही, हे मला पक्कं माहीत होतं.

तो काढलेला प्रश्न कुणी कधी उघडला याचीही तिथं नोंद असते. माझ्याआधी एकदाच उघडलाय. मास्तरांनी, जबडा फुटल्यानंतर तिसऱ्या दिवशी. म्हणजे दवाखान्यात आले तेव्हा त्यांना ठाऊक होतं. दगड आला तेव्हाही ठाऊक होतं.

मी त्यांना विचारलं, बोलला का नाहीत? ते म्हणाले, "अर्धा प्रश्न ओळखायला माझ्याकडे पंधरा वर्षं होती. तुझ्याकडे चार महिने." मला याचा राग आला. अजून आहे. माझं पाप वाहायला यांना कुणी सांगितलं होतं?

तो प्रश्न आज सकाळी मी परत लावला आहे, माझ्या नावानं, मास्तरांच्या उत्तराच्या वर. वहिनी, तुमच्या कपाळावरची खूण माझी आहे. मास्तर, तुम्ही या सभागृहातून मोकळे होऊन जा.

आयोजकांनी बोलू दिलं, तुम्ही ऐकून घेतलंत, सर्वांचे आभार. काही कमीजास्त बोलले असेन तर मोठ्या मनानं पोटात घाला, असं मी सभागृहाला म्हणते. ताई, तुला म्हणत नाही. तू उठलीयेस, मला दिसतंय. दाराकडे जायचं असेल तर जा. इकडे यायचं असेल तर मी इथंच उभी आहे, आणि मला कुणी सोडवायला येऊ नये.