वरच्या फ्रेममधलं नाव

गोजरबाई : ...आन मी काय म्हन्ते मास्तर, सहा फुटाचा मानूस जामखेडला येस्तवर एवढा आटतो व्हय?

इसहाक : गोजरबाई, आधी बसा. रेबेका, पाणी दे त्यांना. हे बघा, बावीस वर्षं झाली माझी वधू-वरांची वेबसाईट चालू आहे. अशी तक्रार कधी आली नाही.

गोजरबाई : ह्यो कागद बघा की. झेरॉक्सवाल्यानं पडद्यावर दिसलं तसं छापून दिलं. वर नाव, डॅनी पाटोळे, राहुरी. त्याचा फोन. खाली फोटो. उंच, गोरा, मिशा. आन लिवलंय, ‘चर्चमध्ये तबला वाजवतो.’

रेबेका : मग?

गोजरबाई : मंग काय, लावला फोन. रविवारी आला आमच्या एंजेलाला बघाया. उंचीला माज्याएवढाच. मिशा न्हाईत. म्हनलं, फोटो जुना आसंल.

इसहाक : मिशा काढल्या असतील.

गोजरबाई : आन उंची बी काढली?

रेबेका : मामा, हे तुमच्या फ्रेमचं काम आहे. मी दोन वर्षं सांगतेय, फ्रेम काढा.

इसहाक : फ्रेमला नावं ठेवू नकोस. शाळा सुटल्यावर क्लासला जाऊन शिकलोय मी ते. त्या वेळी नगरमध्ये कुणाच्या साईटला तीन फ्रेम होत्या?

रेबेका : आत्ताही कुणाच्या नाहीत. द्या तो माउस. ह्या एका पानात तुम्ही तीन वेगळी पानं बसवलीत. डावीकडे यादी. वर नाव आणि फोन. खाली फोटो आणि माहिती. आता बघा. यादीतल्या सॅमसन साळवेवर क्लिक करते. मग डॅनीवर. आता मागे जायचं बटण दाबते.

इसहाक : गेलं की मागे.

रेबेका : काय गेलं?

इसहाक : खालचा फोटो. सॅमसनचा आला.

रेबेका : आणि वरचं नाव?

इसहाक : ...डॅनी.

गोजरबाई : ह्योच! ह्योच मिशावाला!

इसहाक : पण लोकांनी मागे जायचंच कशाला?

रेबेका : स्थळं बघताना माणूस मागेपुढे करणारच ना, मामा.

इसहाक : ह्या साईटवरून एकतीस लग्नं लागलीत, रेबेका. एकतीस.

रेबेका : ज्यांना जे हवं होतं तेच मिळालं का, हे विचारलंत कधी?

इसहाक : (चष्मा काढून पुसत) नेवाशाचा एक जण म्हणाला होता मला. ‘मास्तर, बायको वेगळीच निघाली, पण चांगली आहे.’ मला वाटलं, सगळेच म्हणतात तसं म्हणतोय.

रेबेका : बाई गं! मावशी, मग रविवारी पुढे काय झालं?

गोजरबाई : काय हुनार. मी शेजारून तबला आनून ठिवला हुता. चहा झाल्यावर म्हनलं, वाजवा की जरा. तो माज्याकडं बघतोय, तबल्याकडं बघतोय.

इसहाक : येत नाही म्हणून सांगायचं ना त्यानं!

गोजरबाई : त्याला वाटलं, आमच्याकडं रीतच आसंल. घातली मांडी आन वाजवला.

रेबेका : कसा?

गोजरबाई : भाकरी थापल्यावानी. कुत्रं उठून भाईर गेलं. आन आमची एंजेला...

इसहाक : रडली?

गोजरबाई : हसली. आधी तोंडाला ओढनी लावून, मंग ओढनी सोडून. सात स्थळं झाली, पोरगी नुसती खाली मान घालून बसायची. तिचे वडील गेल्यापासनं घरात तिचा आवाजच न्हवता, मास्तर. ती हसती म्हनून तो बी हसाया लागला. दोघं हसत्यात आन मी कपबश्या घिऊन हुबी.

इसहाक : मी हात जोडून माफी मागतो. त्या सॅमसनचा फोन आत्ता देतो तुम्हाला.

गोजरबाई : त्याला काय करू? मी भांडाया न्हाई आले.

इसहाक : मग?

गोजरबाई : पोरगी म्हन्ती, आई, त्याची खरी माहिती घिऊन ये. कागदावर हाय ती दुसऱ्याची. तो काय करतो, घरी कोन हाय, काय बी ठावं न्हाई. हसन्याच्या नादात इचारायचंच ऱ्हायलं.

इसहाक : ...रेबेका, काढ त्या फ्रेम.

रेबेका : सगळ्या?

इसहाक : सगळ्या. एका माणसाचं एक पान. नाव, फोटो, फोन, सगळं एका जागी. डॅनीचं आधी कर.

रेबेका : त्याचं खालचं पान आत्ताच वेगळं उघडते. हं. गुरांच्या दवाखान्यात मदतनीस. उंची पाच फूट तीन इंच.

गोजरबाई : आसू दे. पोरगी बी तेवढीच हाय.

रेबेका : घरी वडील आणि तो. आई नाही.

इसहाक : अपेक्षा काय लिहिलीय?

रेबेका : एकच ओळ आहे. ‘घरात आम्ही दोघंच. कुणीतरी बोलणारं हवं.’

गोजरबाई : ...बोलती ती. रविवारपासनं लई बोलाया लागलीया.