मामाचा टोचलेला कान

...अन् वरून मलेच म्हनतात, तुळशीराम, तू लय बोलतो! आता बोलू नाही तं काय करू? तुमीच सांगा भौ. तुमीही अकोल्याच्या यष्टीची वाट पाहून राह्यले, मीही पाहून राह्यलो, अन् गाडीचा काही पत्ता नाही, तं घ्या, ऐकून घ्या. माह्या पोराच्या रगतात बिमारी आहे. झालं! बोललो! आभाळ पडलं का? नाही ना पडलं? पन एवढीशी गोठ आमच्या घरात कोनाच्या तोंडून निघत नाही बाप्पा! राज्य बदललं, राजधानी नागपूरहून उठून मुंबईले गेली, पन आमच्या लोकायचं तोंड काही उघडलं नाही. कोनालेही इचारा, मायले इचारा, मामाले इचारा, एकच जवाब... 'आमच्यात तसलं काही नाही!'

तुमाले सांगतो, गेल्या सालची गोठ. मी जानेफळचा, वांगे, मिरच्या, सांबार म्हनजे कोथिंबीर पिकवतो अन् मेहकरच्या बाजारात नेतो. माह्यं पोट्टं मोतीराम, चार वर्सांचं, ओट्यावरून पडलं. पडतेच ना पोट्टं? वरच्या ओठाच्या आतून जरासं फाटलं. हळद दाबली, थांबलं. आमी म्हनलं चला, झालं. तं घंट्याभरानं पुन्हा सुरू! तुरटी लावली, थांबलं, पुन्हा सुरू! गावातल्या एकानं म्हनलं पोराले उताना निजवा, दुसऱ्यानं म्हनलं उताना निजवूच नका, कोनी कांदा हुंगवते, कोनी माही बायको चांगुणा हिलेच शिव्या देते, अन् पोट्टं आपलं पांढरंफटक पडून राह्यलं. शेवटी मेहकरच्या डॉक्टरनं हात जोडले, म्हनला, अकोल्याले मोठ्या दवाखान्यात न्या.

नेलं. तिथला डॉक्टर चष्मेवाला, एकदम पुस्तकातल्यावानी बोलनारा. म्हनते, "हे पाहा, हा रक्त न गोठण्याचा आजार आहे. तो आईकडून मुलाकडे येतो. हिच्या माहेरी कोणाला असं काही आहे का?"

बस्स! माही माय अन्नपूर्णाबाई संगच होती. तिनं टाळीच वाजवली! भर दवाखान्यात! "पाय! म्या म्हनलं नव्हतं? सुनेच्या माहेरून आलं! आमच्या घरात कोनाले मुंगी चावली तरी रगत येत नाही!" चांगुणा बिचारी खाली मान घालून बसली. आता मले राहवलं नाही. मी म्हनलं, "माय, सुनेचं माहेर कोनतं?"

"कोनतं म्हनजे? धामनगाव बढ्याचं!"

"अन् तुह्यं माहेर कोनतं व?"

हां, तुमाले सांगाचंच राह्यलं. माही बायको म्हनजे माह्या सख्ख्या मामाची पोरगी! आमच्यात तशी रीतच आहे. अन् हे लगन जमवलं कोनं? मायनंच! भावाची पोरगीच सून पाहिजे म्हनून चुलीपुढं हटून बसली होती, दोन वेळ जेवली नाही. आता तोच भाऊ, तेच घर, तेच रगत. मायचे हात टाळीतले टाळीतच राह्यले. डॉक्टर इकडं पाहते, तिकडं पाहते. मंग मायनं पदर सावरला अन् म्हनते कशी, "डॉक्टरसाहेब, तुमचं काईतरी चुकून राह्यलं. आमच्यात तसलं काही नाही!" आता पाहा! आत्ताच सुनेच्यात होतं, पदर सावरेपर्यंत कोनाच्यातच नाही!

बरं, डॉक्टरनं बजावून सांगितलं. पोराले सुई लावायची नाही, कापाकापी नाही, पडू द्यायचं नाही, पुन्हा रगत आलं तं सरळ इथं आना. अन् घरात मागच्या पिढीत कोनाले होतं ते इचारून या. मी म्हनलं, इचारतो. म्हनाले काय जाते? इचारायचं कोनाले, तं मामाले!

मामा म्हनजे माणिकराव. मायचा भाऊ, चांगुणाचा बाप, म्हनजे माहा मामाही अन् सासराही. खुश असला तं मी जावईबापू, भडकला तं तुळश्या. आता या मामाची दाढी पाहा, छातीवर लोळते. काऊन? नवस! कोनत्या देवाचा? ते इचारायचं नाही. त्याच्या बापाचीही तसलीच दाढी होती, त्याचाही नवस! मामाची मायही त्या बापाच्या सख्ख्या मामाचीच पोरगी, म्हनजे दोन्हीकडून तेच रगत! असा कोनता देव आहे भौ, जो बापाच्याही वस्तऱ्याच्या मांगं लागला अन् लेकाच्याही? मानूस शेतकरी, पन जिंदगीत विळा धरला नाही, म्हने कुळाचार आहे, कर्त्या मानसानं विळ्याले हात लावायचा नाही. गुडघे मडक्यावानी सुजतात, म्हने वात आहे. एक चुलता ठेच लागून आठवड्यात गेला, म्हने त्याचं आयुष्यच तेवढं. अन् कान? आख्ख्या खानदानात एका मानसाचा कान टोचलेला नाही! काऊन? कुळाचार! अहो, लोकं बिमारी लपवतात, यायनं बिमारीले देव्हाऱ्यात नेऊन बसवलं! हळदकुंकू वाह्यलं!

मी धामनगावले गेलो. चहा झाला. मी म्हनलं, मामा, डॉक्टर असं असं म्हनते. मामानं पह्यले दार लावलं, मंग खिडकी लावली, मंग म्हनते, "हळू बोल बे तुळश्या! पुष्पीले पाहून गेले लोकं!" पुष्पा म्हनजे त्याची धाकटी पोरगी, माही साळी. "महादेवरावचं घर आहे, बागायती, पोरगं मास्तर. तुह्या तोंडून एक शब्द निघाला तं माही पोरगी घरात राहीन. समजलं?"

मी म्हनलं, "समजलं मामा. पन डॉक्टर म्हनते बापात असलं तं सगळ्या पोरीत उतरते. पोरीले काही होत नाही, तिच्या पोटच्या एखाद्या पोराले होते. उद्या पुष्पीले पोट्टं झालं अन् तेही ओट्यावरून पडलं तं?"

मामा माह्या डोळ्यात पाहून म्हनते, "आमच्यात तसलं काही नाही!" सुजलेला गुडघा चोळत म्हनते, बरं का! चोळत!

आता खरा तमाशा पुढंच आहे. माह्या बापाच्या कुळात पोराचं जावळ अन् कान दोन्ही संगच, पाचव्या वर्सी, देवीपुढं. मी म्हनलं, माय, डॉक्टरनं सुई नाही म्हनून सांगितलं. माय म्हनते, "कान नाही टोचले तं लोकं काय म्हनतीन? म्हनतीन, नक्की काईतरी आहे!" म्हनजे पाहा, काही नाही हे दाखवाले त्या लेकराच्या कानात सुई घालायची! मी भांडलो, जेवन टाकलं, मायच्या पायाही पडलो. काही उपयोग नाही. वामन सोनाराले सांगावा गेला, पाहुने आले, मांडव पडला, अन् मामा कोनाले संगं घेऊन आला? महादेवरावले! होनारा व्याही! म्हने आमचं घरदार, आमचे सोयरे पाहून घ्या.

जावळ झालं, तेही मी न्हाव्याचा हात धरून कैचीनंच काढाले लावलं. आता कान. सोनारानं सुई तापवली, सोन्याची तार काढली. अन् चांगुणा पोराले छातीशी धरून उंबरठ्यावर बसली. "मी देनार नाही." चांगुणा! जी सासूपुढं कधी हूं की चूं करत नाही, ती! "काही झालं तरी देनार नाही."

माय कडाडली, "देनार नाही म्हनजे? मंग तुह्या माहेरातच काही असन, म्हनून भेते!"

झालं! महादेवराव पान लावता लावता थांबला. मामाचं तोंड पाहाले पाहिजे होतं तुमी. एकदम उठला, पाटावर जाऊन बसला, पागोटं काढलं अन् सोनाराले म्हनते, "वामन, पह्यले माहा कान टोच! पाहू द्या सगळ्यायले! आमच्यात तसलं काही नाही!"

मी म्हनलं, "मामा, कुळाचार?"

"कुळाचार पोराचा असते बे! म्हाताऱ्याचा नसते!"

सोनारानं टोचला. निस्ता एक थेंब आला, मोहरीएवढा. पुसला. संपलं! मामा पाटावरून उठला तो जसं काही किल्ला जिंकून. महादेवरावले म्हनते, "पाह्यलं?" महादेवराव म्हनते, "वा!" माय मले म्हनते, "पाह्यलं?" मी चांगुणाकडं पाह्यलं. तिनं पोराले सोडलं नव्हतं. मी म्हनलं, "पोराचं जेवनानंतर पाहू." माह्या नशिबानं सगळ्यायले भूक लागली होती.

पंगत बसली. वरनभात आला, पुरनपोळी आली, तूप आलं. अन् मामाच्या पांढऱ्या सदऱ्यावर खांद्याशी एक लाल ठिपका. मी म्हनलं, "मामा..." मामा म्हनते, "कुकू उडालं." ठिपक्याचा रुपया झाला. "घाम आहे." लाल घाम! तुमी पाह्यला कधी लाल घाम? मंग टप्पकन वरनात पडला एक थेंब. महादेवराव शेजारीच, म्हनते, "व्याही, रगत." मामा वरन कालवत म्हनते, "ऊन लय वाढलं यंदा!" अन् महादेवरावनंही काय म्हनावं? म्हनते, "हो ना, अन् सोनाराची सुईही गंजकी दिसते." म्हनजे सोयरीक त्यालेही मोडायची नव्हती! आख्खी पंगत मंग वामन सोनाराच्या मांगं लागली. त्यो बिचारा सुई दाखवत फिरून राह्यला, नवी आहे, नवी आहे, कोन ऐकते?

तवर मामाचा खांदा भिजला होता. माय उठली, पदर घेऊन भावाचा कान दाबून बसली. पदर लाल झाला, दुसरं टोक घेतलं, तेही लाल. अन् मंग ती हळूच बोलली. माह्याशी नाही, कोनाशीच नाही.

"नारायनाचंही असंच... पह्यले थांबलं होतं."

नारायण माहा मोठा भाऊ. मी जन्मायच्या आधी गेला. बैलगाडीवरून पडून गेला म्हनत होते. लहानपनापासून मी तेवढंच ऐकलं. तुमाले सांगतो, आतापर्यंत मले मायचा राग येत होता, पन तवा माहे डोळे भरले. मले समजलं ना भौ, ती काऊन इतकी भांडते ते. पोरगं गाडीवरून पडून गेलं तं तो गाडीचा दोष. रगतात होतं म्हनलं, तं कोनाच्या रगतात? ती माय आहे. तिनं हे कसं म्हनावं?

मामाले टरकात टाकून अकोल्याले नेलं. बाटल्या लावल्या, वाचला. तोच चष्मेवाला डॉक्टर. कानाले एवढं मोठं पागोट्यावानी बँडेज, खांद्यावर रगत वाळलेलं, नातवाची चिठ्ठी डॉक्टरच्या टेबलावर. डॉक्टर म्हनते, "बाबा, तुमच्या घरात अजून कोणाला असा त्रास आहे का?"

मामानं काय म्हनलं असन? तुमीच म्हना! हाव, तेच! डॉक्टरनं चष्मा काढला अन् बराच वेळ पुसत बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी माय आंघोळ करून देवीपुढं बसली अन् सगळ्यायले बोलावून म्हनते, "देवी सपनात आली होती. म्हनते, या घरात आता कान टोचायचे नाही." मी डॉक्टरचं सांगून सांगून घसा कोरडा केला, कोनी ऐकलं नाही, देवीनं एकदा सांगितलं तं सगळे हात जोडून उभे! मी म्हनलं, असू दे बाप्पा, पोट्टं वाचलं. चांगुणा चुलीमांगं जाऊन रडली. मी म्हनलं, माय, देवीले सुईचंही इचारजो. तिसऱ्या दिवशी देवीनं सुई बंद केली. मंग झाडावर चढनं बंद, विळ्याजवळ जानं बंद, रगत आलं तं पाटा-वरवंटा टाकून अकोल्याची गाडी धरायची, हेही देवीचंच. आता तसंच चालू आहे. मी अकोल्याले जातो, डॉक्टर मले सांगते, मी मायले सांगतो, माय रात्री झोपते अन् सकाळी देवी तेच सांगते. मले वाटते आख्ख्या वऱ्हाडात एवढी शिकलेली देवी दुसरी नसन!

पन मागच्या हप्त्यात चांगुणा सासूजवळ जाऊन बसली. पुष्पीचं लगन पुढच्या महिन्यात. म्हनली, "आत्याबाई, देवीले एवढं इचारा ना, पुष्पीले सांगावं का? तिच्या सासरी सांगावं का? नाही सांगितलं तं तिच्या लेकराची बिमारी कोनाच्या ध्यानात येईन?"

माय म्हनली, इचारते. चार दिवस झाले, रोज सकाळी चांगुणा इचारते, मीही इचारतो. माय म्हनते, देवी त्याबद्दल काही बोलतच नाही.

आता काय म्हनावं? तिलेही किती बोल लावायचा भौ? देवी झाली तरी आहे तं आमच्याच कुळाची!