डिंकाच्या लाडवांचा डबा

नाव : विलास रामचंद्र घैसास, वय ७२ वर्षे. व्यवसाय : निवृत्त, पूर्वी जिल्हा न्यायालयात लघुलेखक. राहणार : मूळ कागल, सध्या मुलाकडे, फ्रँकफर्ट.

मी आज शनिवार, दि. १२ एप्रिल २०२५ रोजी सकाळी ११ वाजता विमानतळावरील पोलीस ठाण्यात समक्ष, दुभाषी क्षितिजाबाई यांच्यामार्फत सांगतो की, मी व पत्नी शैला तीन महिन्यांच्या व्हिसावर मुलगा हृषिकेश याच्याकडे आलो आहोत. त्याला कंपनीच्या कामाने शांघायला जायचे होते. "चला बाबा, तुम्हालाही दाखवतो," म्हणून त्याने आम्हाला बरोबर नेले.

काल संध्याकाळी सहाला आम्ही फ्रँकफर्टला परत उतरलो. हृषिकेशच्या नावाच्या निळ्या बॅगेत कस्टमवाल्यांना पत्र्याचा डबा मिळाला. वर सात लाडू, खाली पांढऱ्या गोळ्या. तेव्हापासून हृषिकेश पलीकडच्या खोलीत आहे. डबा मी ठेवला. त्याला माहीत नव्हते.

गुरुवारी, दि. १० रोजी सकाळी नऊला त्याने आम्हाला नदीकाठी नेले. मला ती भूगोलाच्या पुस्तकातली यांगत्से वाटली. "ही तिला मिळणारी एक नदी, बाबा," असे तो म्हणाला. अकराला आम्हाला जुन्या बागेपाशी सोडून तो मीटिंगला गेला. "चारला इथेच, पुलावर," असे ठरले.

तो पूल तळ्यावरून नऊ वळणे घेत जातो. पाण्यात लाल मासे होते, काठावर झाडे वाकलेली होती. मला पाचवीच्या पुस्तकातली तळ्याची कविता आठवली व मी ती म्हणू लागलो. शैला म्हणाली, "भरली का शाळा? लोक बघतायत." तेवढ्यात मागून आवाज आला, "काका, मराठी का?"

इसम अंदाजे पंचेचाळीस वर्षांचा, चष्मा, राखाडी जाकीट. नाव विष्णू सांगितले. आडनाव मी विचारले नाही. तो आमच्याच कागलच्या शाळेचा निघाला. कवितेची पुढची ओळ त्याने म्हटली. साठ वर्षांत ती ओळ मी दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकली नव्हती.

त्याने आम्हाला बाग दाखवली, चहा पाजला. उद्या फ्रँकफर्टला निघतो, हे मीच चहाच्या वेळी बोललो. माझ्या फोनवर त्याने आमचा दोघांचा फोटो काढला. फोटो त्यानेच काढल्यामुळे तो त्यात नाही.

साडेतीनला "आलोच" म्हणून गेला आणि दहा मिनिटांत डबा घेऊन आला. "मुलगी फ्रँकफर्टलाच बाळंत झालीय, काका. तिच्या आईने डिंकाचे लाडू केलेत. हा नंबर घ्या, जावई येऊन घेऊन जाईल."

शैला मला बाजूला घेऊन म्हणाली, "अहो, ओळख ना पाळख."

मी म्हणालो, "बाळंतिणीच्या लाडवांना नाही म्हणायचं?"

आमची मुलगी मुक्ता परदेशी बाळंत झाली, तेव्हा आमचा व्हिसा वेळेवर आला नाही. शैलाने केलेले लाडू घरीच राहिले. डबा मी घेतला.

हृषिकेश कोणाचे सामान नेत नाही, हे मला माहीत होते. म्हणून चारला तो पुलावर आला तेव्हा त्याला सांगितले नाही; विष्णू आधीच गेला होता व डबा आमच्या पिशवीत होता. आमची बॅग भरल्यामुळे बंद होत नव्हती, त्यामुळे डबा माझ्या मफलरमध्ये गुंडाळून त्याच्या बॅगेत तळाशी ठेवला. शांघायच्या विमानतळावर कर्मचाऱ्यांनी त्याला विचारले, बॅग तुम्हीच भरली का. तो हो म्हणाला. मी शेजारी उभा होतो.

अनोळखी माणसाकडून कोणी डबा घेत नाही, तेव्हा हृषिकेश त्याला ओळखत असणार, असे इथल्या पोलीस साहेबांचे म्हणणे आहे. आमच्याकडे घेतात. परगावी निघालेल्याच्या हाती डबा देतात आणि तो नेतो. विष्णूने दिलेला नंबर लागत नाही, हे मला आज सांगण्यात आले. पुलावर आधी कोण काय बोलले, असे साहेबांनी दोनदा विचारले. जो कविता पाठ म्हणतो तो माणूस लबाड नसतो, असे मी दोन्ही वेळा उत्तर दिले.

चौतीस वर्षे मी इतरांचे जबाब टिपले. आज माझा जबाब क्षितिजाबाईंनी मला मराठीत सावकाश वाचून दाखवला. त्यात एक दुरुस्ती करावी. "कवितेची पुढची ओळ त्याने म्हटली" हे वाक्य खोडावे. दोन्ही ओळी मीच म्हटल्या. त्याने शेवटचा शब्द तेवढा माझ्याबरोबर उच्चारला. शाळेचे नावही आधी मी घेतले, मग तो त्या शाळेचा झाला. हे मला वाचून दाखवताना लक्षात आले. मीही त्याला ओळखत नाही.

एवढ्या दुरुस्तीसह वरील मजकूर खरा आहे. तो हृषिकेशलाही वाचून दाखवावा.

(सही) वि. रा. घैसास