बंदीच्या आदेशानंतरही चालू राहिलेलं उपग्रह केंद्र

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, नियामक मंडळाचे माननीय आकापेल्वासाहेब, व्यासपीठावरील मान्यवर, सत्कारमूर्ती इनोंगे लिसवानिसो मॅडम, आणि पुरातून होड्या वल्हवत आलेल्या बंधुभगिनींनो,

मॅडम निवृत्त होत आहेत, असं पत्रिकेत छापलंय. छापणाऱ्याचा दोष नाही. त्याला सांगितलंच तेवढं.

आपल्या केंद्राचे संदेश ज्या लहरपट्टीवरून जातात, ती सरकारने मोबाइल कंपन्यांना दिली. वेगवान फोन कुणाला नकोय? जुने परवाने रद्द झाले. आपल्याच केंद्रावरून बाहेर संपर्क साधणाऱ्या नदीपलीकडच्या रुग्णालयासाठी दुसरी यंत्रणा निघालीही, पण रस्ता बुडाला आणि ती वाटेतच अडकली. नेमका तेव्हाच आदेश आला, केंद्र बंद करा.

मॅडम केंद्रप्रमुख, मी त्यांचा मदतनीस. मी म्हणालो, "मॅडम, बंद करूया. कायदा आहे."

"पलीकडे डॉक्टर मुलोंदा एकटी आहे. राजधानीतल्या, लुसाकाच्या सर्जनला पडद्यावर विचारत विचारत ती बाळंतिणींची पोटं उघडते. तिला तू कळव, बंद करतोय म्हणून."

"मी कसं कळवू?"

"मग मला कशाला शिकवतोस?"

त्यांनी मंडळाला फोन लावला. अध्यक्षमहाराज, तो आपणच घेतलात. "बाई, माझे हात बांधलेले आहेत," आपण म्हणालात.

"माझे नाहीत. केंद्र चालू राहील. जबाबदार मी, माझी माणसं नव्हेत."

केंद्र चालू राहिलं. एकाच लहरपट्टीवर दोघं आल्याने गावातले फोन मात्र तुटू लागले, हेही खरंच. बाजारात मासळीवाल्या त्यांना तोंडावर म्हणायच्या, "काय हो बाई, तुमच्या डिशपायी आमचं गिऱ्हाईक तुटलं!" मॅडम मान खाली घालून ऐकून घ्यायच्या. त्याच दिवसांत पलीकडे नामुकोलोबाईंचं पोट उघडावं लागलं. त्या आज बाळाला घेऊन मागच्या रांगेत बसल्या आहेत. रडू द्या त्याला, कुणी बाहेर नेऊ नका.

मंडळाने मॅडमना पदावरून दूर केलं. त्यालाच आपण निवृत्ती म्हणतो आहोत.

पूर अजून उतरलेला नाही. उद्यापासून केंद्रप्रमुख मी, आणि तोच आदेश आता माझ्या नावावर आहे. सकाळी मॅडमना विचारलं, "मी काय करू?" त्या म्हणाल्या, "माझं मी ठरवलं, बाबा. तुझं तू ठरव."

अध्यक्षमहाराज, आपण आलात, ऐकून घेतलंत, मनापासून आभारी आहे. बोलण्यात उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला. उद्याबद्दलची माफी मात्र आज मागता येत नाही. ती आपली मागायची की डॉक्टर मुलोंदांची, हेच मला अजून कळलेलं नाही.