काच धरायला मी

माझं माहेर कळव्याचं, बाप मिठागरावर, मी लग्न करून टेंभी नाक्याला आलेली. आमचे हे ड्रायवर. एका डाक्टरीणबाईंची मोटार चालवायचे आणि त्या बाई, काय सांगू तुम्हाला, मागं बसायच्याच नाहीत, मागं बसलं की गाडी लागते म्हणे, म्हणून पुढं, ह्यांच्या शेजारी, सगळ्या नाक्यादेखत! मी नळावर कळशी घेऊन उभी, आणि समोरून हे दोघं जायचे, हे काहीतरी बोलायचे, बाई हसायच्या. घरात ह्यांना तोंड नव्हतं, वाढ आणि दिवा घालव, एवढंच. जळायची मी, खोटं कशाला बोलू.

मंग त्या गाडीच्या पुढच्या दाराची काच अडकली, बाईंच्या बाजूची, खाली गेली ती वर येईना. बाईंना धुळीनं खोकला झालाय, हे ह्यांनी मला जेवताना सांगितलं. जेवताना! माझ्या चुलीपाशी धूर कोंडतो, खिडकी उघडत नाही, हे मी कधीपासून सांगत होती, त्याला वेळ नव्हता. आणि रविवारी गाडी दारात आणली, काचेचं हँडल काढलं, दाराचा आतला पुठ्ठा उतरवला, स्क्रू असे हळू काढले, माझ्या पायातला काटा पण कधी तसा काढला नाही.

काच हातानं अर्धी वर ओढली आणि मला हाक. अगं ये, काच धर, मी आतनं सोडवतो. मी दोन्ही हातांनी धरली, ह्यांनी दारात कोपरापर्यंत हात घातला. जड काच, कड धारदार. मनात आलं, सोडते. फुटू दे, बसू दे बाईला खोकत. खरंच सोडणार होती, आणि बघितलं तर काचेच्या बरोबर खाली ह्यांची बोटं. पुढची सीट बाईची, पण ती बोटं माझी होती ना हो. अशी घट्ट धरली, माझाच तळवा चिरला. हे बोलले, जपून गं, नवी मिळत नाही. काच.

काच निघाली, आतली वाकडी पट्टी सरळ केली, काच परत बसली. दुसऱ्या दिवशी बाई काच वर करून गेल्या. आधी हसणं ऐकू तरी यायचं, मंग नुसतं दिसायला लागलं.

आता हे नाहीत. बाई कुठं असतील तिथं सुखी असोत, माझा शाप नाही. मुलगा गाडी आणतो, आई पुढं बस बोलतो, बसते मी. पण ह्यांच्या शेजारी एकदा पण बसली नाही, ते राहिलंच.