खालच्या वाटेबद्दल मी काल जे सांगितले नाही ते

पुरवणी जबाब देणार: मृत महिलेचे पती. वय ६३ वर्षे. व्यवसाय: निवृत्त. भांड्यांच्या कारखान्यात पत्रा दाबणाऱ्या यंत्रांवर एकतीस वर्षे नोकरी, त्यातली शेवटची नऊ मुकादम म्हणून. शिक्षण: अकरावी पास. राहणार: बस डेपोच्या मागची इमारत, दुसरा मजला, जिन्यालगतचे घर.

आज सकाळी साडेनऊ वाजता मी स्वतःहून पोलीस ठाण्यात आलो आहे. मला कोणी बोलावलेले नाही. माझा पहिला जबाब काल दुपारी घेण्यात आला. त्यात "त्या वाटेबद्दल आम्हाला कोणीही सावध केले नव्हते" असे वाक्य आहे. ते चुकीचे आहे. त्या वाक्यावरून विश्रामगृहाच्या केअरटेकरला काल संध्याकाळपासून इथे बसवून ठेवले आहे आणि त्याच्यावर हलगर्जीपणाचा गुन्हा दाखल होणार आहे, असे मला समजले. म्हणून समक्ष सांगतो ते असे:

माझी पत्नी टपाल कार्यालयात खिडकीवर काम करत होती. ती यंदा निवृत्त झाली. त्यानिमित्त मुलीने आम्हाला डोंगरातल्या या विश्रामगृहात तीन रात्रींचे आरक्षण करून दिले. कुणाचे लग्न किंवा आजारपण नसताना आम्ही दोघेच कुठे राहायला गेलो, अशी छत्तीस वर्षांतली ही पहिलीच वेळ.

माझा डावा कान कारखान्यात गेला. उजव्या कानाने शांत ठिकाणी ऐकू येते. शेजारी पाणी किंवा यंत्र चालू असले की येत नाही. त्यामुळे पत्नी कायम माझ्या उजव्या हाताला चालत असे. कानाचे यंत्र आम्ही घेतलेले आहे. घटनेच्या वेळी ते खोलीत डब्यात होते. पंचनाम्यात त्याची नोंद आहे.

समोरच्याचे बोलणे ऐकू आले नाही की "हो हो, बघतो" असे म्हणण्याची मला सवय आहे. बँकेत, दुकानात, नातेवाइकांत, सगळीकडे मी असेच म्हणतो. समोरचा समाधानाने निघून जातो. पत्नीला हे ठाऊक होते. ती शेजारी असली की लगेच विचारायची, "काय बघणार आहात?" मग त्या माणसाला सांगायची, "पुन्हा सांगा यांना. पहिल्यांदा भिंतीला सांगून झालं."

घटनेच्या दिवशी, म्हणजे परवा, सकाळी आठच्या सुमारास मी व्हरांड्यात बसून बुटांच्या नाड्या बांधत होतो. पाऊस थांबला होता, पण पन्हाळीतून पाणी जोरात पडत होते. पत्नी आत पाण्याची बाटली भरत होती. केअरटेकर आला आणि डाव्या बाजूच्या पायरीवर उभा राहून माझ्याशी काही बोलला. त्याने हात डोंगराकडे केला होता. तो काय बोलला ते मला ऐकू आले नाही. मी "हो हो, बघतो" म्हणालो. तो गेला.

पत्नीने हे खिडकीतून पाहिले होते. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "काय म्हणत होता तो?"

मी म्हणालो, "काही विशेष नाही."

"नक्की? की भिंत?"

"अगं, जेवायला किती वाजता येणार, विचारत होता. एकपर्यंत येतो म्हणालो."

"वा! म्हणजे आज कान सुट्टीवर नाहीत," असे म्हणून ती हसली आणि आम्ही निघालो. कालच्या जबाबात मी हे सांगितलेले नाही.

तिला खोटे का सांगितले, असे विचारले असता सांगतो की, दोन दिवस सगळ्यांशी तीच बोलत होती. गाडीवाल्याशी, स्वयंपाकघरात, शेजारच्या खोलीतल्या लोकांशी. एवढे एक तरी मी ऐकले, असे तिला वाटावे म्हणून. दुसरे कारण नाही.

वरच्या वाटेने आम्ही झऱ्यापर्यंत गेलो. जायला एक तास लागला. वाटेत तिने मला पक्ष्यांचे आवाज काढून दाखवले, कारण ते मला ऐकू येत नाहीत. झाडीतला एक पक्षी टपालावर शिक्के मारल्यासारखा ठक्‌ठक् करतो, असे ती म्हणाली. "बिचाऱ्याची निवृत्ती अजून लांब आहे," असेही म्हणाली. हे लिहायची गरज आहे का, असे साहेबांनी विचारले. मी लिहा म्हणालो.

परत येताना साडेनऊच्या सुमारास दोन वाटा फुटतात तिथे आम्ही थांबलो. वरच्या वाटेला उतरताना उंच दगडी पायऱ्या आहेत. पत्नीचे गुडघे दुखत होते. खालची वाट मातीची आणि सपाट दिसत होती. ती म्हणाली, "इकडून जाऊ या का? चालेल ना?" मी म्हणालो, "चालेल की. न चालायला काय झालं?" ही वाट मी ठरवली. केअरटेकरने नाही.

खालच्या वाटेवर दरी उजव्या हाताला आहे. पत्नी उजव्या हाताला होती. दरीच्या बाजूला बाईमाणूस का चालत होते, असे काल मेहुण्याने मला सगळ्यांसमोर विचारले. त्याचे उत्तर हे आहे. वाट दोघांपुरती रुंद होती. तू मागून ये, असे मी तिला एकदा म्हणालो. ती म्हणाली, "मागून बोललेलं तुम्हाला काय कळणार?"

मी तिला मुलीकडे कधी जायचे ते विचारत होतो. उत्तर आले नाही म्हणून वळून पाहिले. ती शेजारी नव्हती. वाटेची कड हातभर तुटलेली होती. तिथे दरीतल्या पाण्याचा आवाज होता. तिने हाक मारली होती का, असे विचारले असता, ते मला सांगता येणार नाही.

मी वरून तिचे नाव घेत राहिलो. किती वेळ, ते माहीत नाही. मग विश्रामगृहाकडे पळालो. केअरटेकर दोर आणि तीन माणसे घेऊन माझ्या आधी तिथे पोहोचला. तो स्वतः खाली उतरला. त्याच्या दोन्ही हातांना पट्ट्या आहेत, त्या त्यामुळे आहेत. पत्नीला पावणेबारा वाजता वर आणले. पुढचे दवाखान्याच्या कागदात आहे.

काल संध्याकाळी मी मेहुण्याबरोबर इथे कागद न्यायला आलो, तेव्हा केअरटेकर बाहेरच्या बाकावर बसला होता. तो उठून माझ्या समोर आला आणि म्हणाला, "काका, मी पायरीवर उभा राहून सांगितलं होतं तुम्हाला. खालच्या वाटेची कड पावसानं सुटलीय, गेलात त्याच वाटेनं परत या. तुम्ही 'हो हो, बघतो' म्हणालात. आठवा ना, काका."

मेहुणा म्हणाला, "खोटं बोलतोय. भाऊजी, याच्याकडे बघूसुद्धा नका. माझी बहीण गेलीय, हा सुटता कामा नये."

मी कागद घेतले आणि मेहुण्याबरोबर निघून गेलो.

केअरटेकर खरे बोलत आहे. त्या सकाळच्या आधी तो माझ्याशी दोन-तीनदाच बोलला होता, आणि दरवेळी उत्तरे पत्नीने दिली होती. मी काय म्हणतो आणि कधी म्हणतो, हे त्याला दुसरीकडून कळण्याचा मार्ग नाही. ते शब्द माझे आहेत.

त्याच्याविरुद्ध माझी कोणतीही तक्रार नाही. मेहुण्याने दिलेल्या तक्रारीशी मी सहमत नाही. तो आता माझ्याशी बोलणार नाही, याची मला कल्पना आहे. मुलगी दुपारच्या गाडीने पोहोचते आहे. तिला मी हेच सांगणार आहे. केअरटेकरला सोडावे, अशी विनंती आहे. माझ्यावर काही कारवाई होत असेल तर ती करावी.

कालचा जबाबसुद्धा मला वाचून दाखवला होता, अशी त्याखाली नोंद आहे. तो वाचला तेव्हा खोलीत पंखा चालू होता आणि शेवटी मी "हो हो, बरोबर" म्हणालो होतो. आज मी पंखा बंद करायला सांगितले. हा जबाब हवालदारांनी सावकाश वाचला. चार ठिकाणी मला ऐकू आले नाही, ती चारही ठिकाणे मी पुन्हा वाचायला लावली. आता सर्व ऐकले आहे. मी सांगितले तसेच लिहिले आहे.

सही