पंखा बंद, आकडा सात

— नाय नाय, फरहानभाई, त्या गेजच्या डबीचे स्क्रू खोलायच्या आधी माझं ऐका, मग काय तो पाना चालवा. गेज दुरुस्तीला अंबडवरनं एवढं नांदगावपर्यंत आलात, चहा घ्या — नको? बरं, नको. मी सावळीराम, हितला वॉचमन. चौथीत दोनदा बसलो, दोन्ही वेळा मास्तर पास झाला, मी नाय. पण तुमच्या ह्या गेजसंगं तीन दिवस भांडून आता मला पास्कल कळायला लागलाय. हवेचा रेटा मोजायचा तो. एक नळी खोलीतली हवा हुंगती, एक बाहेरची, आन दोन्हीतला फरक म्हंजे आकडा. बरोबर ना? मान हलवली, म्हंजे बरोबर.

खोली कांद्याची हाय. चुकून हवा शिरली की कांद्याला मोड, म्हणून तपासणी. दारात कापड ताणून हा एवढा पंखा बसवायचा, आतली हवा ओढायची, आकडा पन्नासावर न्यायचा — आन पंख्याला किती पळावं लागलं त्यावरनं खोली किती गळती ते ठरवायचं. अष्टमीला हर्षल साहेबानं — पुण्याचा इंजिनिअर, शर्टाला घडीसुद्धा इंजिनिअरची — पंखा लावला, तर आकडा पन्नासावर गुमान उभा. साहेब खूश. आन नवमीला? पंखा बंद, तरी आकडा सात! साहेब म्हणे, वारा. नळीचं टोक बादलीखाली झाकलं — सात. मी छत्री धरून उभा ऱ्हायलो — सात. उन्हातली नळी सावलीत आणली, कुठं दुमडली का ते चाचपलं — सात. मग नळ्या उलटसुलट जोडल्या, तर उणे सात! मी म्हणलं, साहेब, आता शीर्षासन करून वाचा. तर चिडला की हो. चिडून पंखा लावला, आकडा पन्नासावर काय चढंना, पंखा मरणाचा बोंबलतोय, आन शेवटी काय म्हणाला? गेज चांगला हाय, खोलीच फुटकी हाय. अष्टमीचा आकडा चुकला असंल.

फुटकी कुणी केली? ज्योत्स्नानं! ज्योत्स्ना म्हंजे माझी सून. भिंतीच्या ह्या पॅनलांचा एक-एक सांधा तिनं भरलाय सिलिकॉननं, अडीच महिने शिडीवर, मान वर करून करून आता खाली बघायचं विसरली. ठेकेदार म्हणाला, समदं उकरून काढ, सांजंला दुसरी टोळी येती, तुझं काम बंद. ऐकू येतंय ते खरडखरड? तीच हाय आत. स्वतःचंच काम पातं घेऊन सोलती. काल मी म्हणलं, सूनबाई, तुझ्या भाकरीलाबी भोकंच असत्यात — तर हसली नाय. रोज हसती. काल जेवलीबी नाय. म्हणून तर तुम्हाला बोलावलं; हा गेज माझ्या डोक्यात गेलाय, फोडून टाकावा वाटतो —

काय? अष्टमी आन नवमीच्या मधी काय झालं? काय होणार! नवमीला सकाळी, मोजायच्या आधी, खंडेनवमीची पूजा झाली. ड्रिल, शिडी, सिलिकॉनची बंदूक, समदं ओळीनं मांडलं, झेंडू वाहिला, नारळ फोडला. साहेब म्हणाला, माझ्या गेजला हात लावायचा नाय. आता हे मला सांगायचं असतं का? तो फोनवर बोलत तिकडं गेला, आन मी गेजच्या कपाळाला हा एवढा टिळा लावला! नळ्यांची तोंडं वर, नाकपुड्यांवाणी — म्हणलं, ह्यांनाबी तीर्थ पायजे — कुंकवाच्या बोटानंच नारळाचं पाणी सोडलं, दोन-दोन थेंब. साहेब येऊन बघतो तर गेजचा नवरदेव झालेला! ज्योत्स्ना तर खालीच बसली हसून हसून. साहेबानं रुमालानं टिळा पुसला, नळ्या खोचल्या —

हां? नळी उजेडाला धरू? धरली.

थांबा, चष्मा… हां. हाय. थेंब हाय. गुलाबी. नळी हलवली की हालतोय. हे एवढंसं पाणी? ह्याच्यानं? नाय नाय, एवढ्याशानं काय — बरं, काढा दोन्ही नळ्या, तुमच्या कोऱ्या लावा. लावल्या? पंखा बंदच हाय ना? मला दिसंना, तुम्ही सांगा.

शून्य.

परत लावा… शून्य.

हसू नका, फरहानभाई. हसा, हसा, मी तुमच्या जागी असतो तर लोळलो असतो.

ज्योत्स्ने! ए ज्योत्स्ने! पातं खाली ठेव! ठेव म्हणतो ना! खोली चांगली हाय तुझी! — किती सोललं? — दोन भिंती?

उतरती हाय. विचारती, आकडा कशानं चुकला म्हणून. नाय, तुम्ही नका सांगू. गेटाबाहेर टपरी हाय, तुम्ही चहा घ्यायला जा. नको म्हणाला होतात, ठाऊक हाय मला. आता घ्या. आन ती नळी, थेंबासकट, हितंच ठेवून जा.